सीटचा मागचा अर्धा भाग

मंगळवार, ९ जून २०१५ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तिच्या टेबलावर सतरा चित्रे होती आणि त्यांपैकी सोळा मंजूर झालेली होती. सतरावे चित्र तसे साधे होते : चार रुंद चाकांची, मोटारसायकलीसारख्या हँडलची शेतगाडी, तिच्यावर एकामागे एक बसलेली दोन माणसे, आणि दोघांवरून गेलेली एक लाल तिरपी पट्टी. शेतांवर हंगामी कामाला जाणाऱ्या तरुण मुलांसाठी ही स्टिकरे निघणार होती. कागदोपत्री जिला एटीव्ही म्हणतात त्या गाडीच्या टाकीवर, मडगार्डवर, शेडच्या दारावर ती चिकटवायची होती. हेल्मेट घाला, चढावर आडवे वळू नका, डांबरी रस्त्यावर नेऊ नका, सोळा वर्षांखालच्यांनी हात लावू नये. यंत्रांवरच्या धोक्याच्या सूचना चित्रांतून सांगणाऱ्या त्या कचेरीत ती सर्वांत जुनी आरेखक होती. तिचा माणूस म्हणजे एक वर्तुळ आणि काही गोल टोकांच्या पट्ट्या. त्याला नाक नव्हते, डोळे नव्हते, वय नव्हते. आजवर तो तिच्या टेबलावर विजेच्या तारेला चिकटला होता, यंत्राच्या पट्ट्यात ओढला गेला होता, शिडीवरून पडला होता, दोन दातेरी चाकांमध्ये त्याची बोटे असंख्य वेळा गेली होती. पलीकडच्या टेबलावर बसून या चित्रांखालचा मजकूर लिहिणारा मुलगा जेवणाच्या सुट्टीत हमखास विचारी, "ताई, याचा विमा कोण उतरवतं हो?" त्यावर ती दरवेळी हसे, कारण विनोद जुना असला तरी मुलगा मनाने चांगला होता, आणि शिवाय त्या माणसाला काही होत नाही याची तिला खात्री होती. त्याला काही होऊ नये अशाच रीतीने तो काढलेला होता.

"हा मागचा मात्र खुशीत आहे," मजकूरवाला तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला.

"त्याला तोंडच नाही."

"म्हणूनच म्हणतोय. तोंड नसताना खुशीत आहे. मान बघा ना कशी टेकवलीय पुढच्याच्या पाठीला. झोपलाय लेकाचा."

तिने पाहिले. मागच्या माणसाचे वर्तुळ सरळ असायला हवे होते. नियमच तसा होता, सर्व मस्तके मानेच्या रेषेवर. हे वर्तुळ डावीकडे कलले होते आणि पुढच्या माणसाच्या पाठीला एका बिंदूत स्पर्श करीत होते. ते आपण केव्हा कलवले हे तिला आठवेना. काल दुपारी तिने मागच्या माणसाचे माप पुढच्यापेक्षा थोडे लहान केले होते एवढे आठवत होते, आणि तेही प्रमाण चुकते आहे म्हणून केले असे तिने तेव्हा स्वतःला सांगितले होते. तिने रबराकडे हात नेला, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. भाच्याने काहीतरी पाठवले होते. सीटची लांबी चित्रात बरोबर यावी म्हणून तिने त्याच्याकडे उभ्या गाडीचा बाजूने काढलेला एक फोटो मागितला होता. त्याने व्हिडिओ पाठवला. गेल्याच महिन्यात त्याला सोळा पूर्ण झाली होती. उभ्या गाडीचा फोटो पाठवण्यात त्या वयाच्या मुलाला काय गोडी असणार.

व्हिडिओत फळबागेचा उतार होता, खाली ओढा, आणि वरून डुगडुगत उतरणारी गाडी. डोक्यावर हेल्मेट नीट बांधलेले. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायांत बूट. व्हिडिओ काढणारा मुलगा ओरडत होता, "हळू रे हिरो, आत्याला दाखवायचंय, आत्याला रडवायचं नाहीये!" पुढच्या रॅकवर फवारणीच्या औषधाचे दोन कॅन दोरीने आवळलेले. भाचा सीटच्या अगदी पुढच्या टोकाला, जवळजवळ टाकीवर, गुडघे हँडलला लागतील असा बसला होता. त्याच्या पाठीमागे सीटचा अर्धा भाग मोकळा होता. मागचे रॅकही मोकळे. गाडी एका खळग्यातून गेली आणि मागचे डावे चाक जमिनीवरून उचलले गेले. क्षणभरच. मग ते पुन्हा टेकले आणि व्हिडिओ भाच्याच्या हसण्यावर संपला. तिने तो पुन्हा लावला, चाक उचलले त्या ठिकाणी थांबवला. टायर आणि जमीन यांच्यामध्ये उजेडाची एक फट होती, बोटभर. तिच्यासारख्या माणसाला ती फट वाचता येत होती : उतार, पुढे ओझे, पुढे माणूस, मागे काही नाही, आणखी थोडा खोल खळगा असता तर गाडी नाकावर उभी राहून त्याच्या अंगावर पालथी झाली असती. हा विचार बरोबर होता आणि तो तिने क्रमाने केला. परंतु त्याच्याही आधी, कोणत्याही क्रमाशिवाय, तिच्या मनात दुसरे काहीतरी येऊन गेले होते. तो मागे बसलेला असता तर चाक उचलले गेले नसते.

तो म्हणजे शेपूट. घरातला सर्वांत धाकटा. दादानंतर ती, आणि तिच्यानंतर दहा वर्षांनी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, तो. दादा जाईल तिथे मागोमाग जायचा म्हणून शेपूट. वडिलांनी पहिली शेतगाडी आणली तेव्हा तिला 'बेडूक' हे नाव त्यानेच दिले, कारण ती बुटकी होती आणि चालू झाली की तिच्या पोटातून डराँव असा आवाज येई. पुढे त्या गाड्या बदलत गेल्या, नाव मात्र राहिले. घरापासून ओढ्यापलीकडच्या बागेपर्यंत वाटेत गुरांसाठी घातलेली फाटके होती, आणि प्रत्येक फाटकाशी उतरायचे, उघडायचे, गाडी आत घ्यायची, पुन्हा उतरून लावायचे, हा वैताग होता. म्हणून मागे कोणीतरी बसवायची पद्धत पडली. शेपूट चालत्या गाडीवरून उडी मारायचा, फाटक उघडून त्याच्यावरच लोंबकळत राहायचा, गाडी आत गेली की फाटकासकट झुलत परत यायचा. त्या भागातल्या प्रत्येक शेतावर असे एक धाकटे पोर मागे बसलेले असे. सीट लांब होती. ती दोघांसाठीच आहे असे सर्वांना वाटे, आणि तसे का वाटू नये? बाकाची लांबी पाहून त्याच्यावर किती माणसे बसतील हे सांगायला कोणी शाळेत जात नाही. कितीतरी वर्षांनी, कचेरीत एका कारखान्याचे माहितीपत्रक वाचताना, ती लांबी कशासाठी असते ते तिला कळले. ती एकाच माणसासाठी होती. चढावर त्याने पुढे सरकावे, उतारावर मागे सरकावे, वळणावर एका बाजूला झुकावे. या गाडीत माणूस हाच तोल सांभाळणारा भाग, म्हणून त्याला हलायला जागा ठेवलेली. ते वाक्य वाचून झाल्यावर ती उठून पाणी प्यायला गेली होती आणि नळ सुरू ठेवून बराच वेळ तशीच उभी राहिली होती, हे तिला आता आठवले.

ते घडले तेव्हा ती तिथे नव्हती. तांत्रिक महाविद्यालयाच्या आरेखन वर्गात, उंच टेबलाशी उभी राहून, ती एका झडपेचा छेद काढत होती. शिपाई दारात आला, सरांशी हळू बोलला, सरांनी तिच्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यातच सर्व कळले. फक्त दोघांपैकी कोण ते कळायचे राहिले. घरी पोहोचेपर्यंत तिने मनात दोघांनाही एकेकदा मारून पाहिले, हे तिने कधी कोणाला सांगितले नाही. ओढ्यापलीकडचा चढ चढताना गाडीचे पुढचे तोंड उचलले गेले आणि ती मागे उलटली. दादा बाजूला फेकला गेला. मागच्याला बाजू नसते. ती घरी पोहोचली तेव्हा अंगणात वडील बेडूक धूत होते, पाइपाने, चाकांच्या खाचांतली माती बोटाने काढत. "यंत्राचा काय दोष," ते तिच्याकडे न पाहता म्हणाले, जणू तिने त्यांना काही विचारले होते. दादा ओसरीच्या पायरीवर बसला होता. तो ताठ बसला होता, भिंतीला न टेकता, आणि आईने दोनदा सांगितले तरी टेकला नाही. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

त्यानंतर दादा शिस्तीचा झाला. या गाडीविषयी जे जे नियम आहेत ते सर्व त्या शेतावर, कोणी स्टिकर छापण्याच्या कितीतरी आधीपासून, पाळले जात होते. हेल्मेटाशिवाय किल्ली मिळत नसे. दुसरा माणूस कधीही नाही. एकदा पाहुण्यांच्या मुलाला फक्त अंगणात फिरवून आणा म्हटल्यावर तो ताटावरून उठून गेला होता. प्रत्येक फाटकाशी तो स्वतः उतरे, उघडे, चढे, आत जाई, उतरे, लावे. भाच्याला सोळा पूर्ण होईपर्यंत त्याने गाडीच्या आसपास फिरकू दिले नाही, आणि सोळा पूर्ण झाल्यावर स्वतः शिकवले. सुट्टीच्या दिवसांत ती शेतावर जाई तेव्हा दादाला गाडीवरून येताना पाही. तो पुढे बसलेला असे. मागे जागा असे. हे तिने किती वर्षे पाहिले होते, आणि पाहताना तिला कधी काही खटकले नव्हते, उलट बरे वाटले होते. घरात आईने शेपटाचा पेला फळीवरून काढला नाही, तसेच हे. काही गोष्टी घरात राहतात, त्यांना कोणी हात लावत नाही. आज फोनच्या तळहाताएवढ्या पडद्यावर तीच जागा, त्याच मापाची, भाच्याच्या पाठीमागे होती. भाच्याचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. तो कोणासाठी जागा सोडून बसला होता?

तिने वहिनीला फोन लावला. दादाला लावण्यात अर्थ नव्हता. दादा फोनवर बोलत नसे, फक्त ऐके.

"अगं, आज कसा काय दिवसाढवळ्या फोन? बरी आहेस ना?"

"बरी आहे. वहिनी, ओढ्याच्या उतारावर काम कधी आहे?"

"उद्या सकाळी फवारणी सुरू. पोरं आलीत सहा. आपला धरून सहा हं. खायला बाराजणांचं लागतं. का गं?"

"गाडी कोण चालवणार?"

"आपला आणि तो लंबू, आळीपाळीने. ह्यांनी शिकवलंय दोघांना. तू आता सुरू होऊ नकोस बाई, ह्यांच्याएवढं कडक ह्या गाडीच्या बाबतीत जगात कोणी नसेल. हेल्मेट घालून जेवायला बसतील एखाद दिवशी."

"वहिनी, ते पुढे का बसतात?"

पलीकडे भांड्याचा आवाज थांबला. "कोण?"

"दादा. आणि आता तो."

"मला नाही माहीत," वहिनी म्हणाली. मग आवाज उतरवून, "विचारलं नाही कधी. लग्न होऊन आले तेव्हापासून तसेच बसतात. तुला विचारायचं तर ये आणि विचार. फोनवर नको."

साहेबांना ती म्हणाली की घरी जावे लागते आहे. साहेब घड्याळाकडे पाहत म्हणाले, "सतरावं तेवढं सही करून जा. छापखाना खोळंबलाय." ती म्हणाली, सतरावे पुरे झालेले नाही. "दोन माणसं आहेत, लाल पट्टी आहे, आणखी काय पाहिजे?" ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे चूक नव्हते. चित्रात जे असते त्यावर पट्टी मारता येते. जे नसते त्यावर ती कशी मारायची हे तिला कोणत्याही वर्गात शिकवलेले नव्हते.

दुपारची बस अर्धी रिकामी होती, मग पहिल्या दोन थांब्यांत भरली. ती खिडकीशी बसली होती. बाहेरून गोदामे जात होती, पेट्रोलपंप, अर्धवट रंगवलेल्या भिंती, आणि तिच्या मनात आकृती तयार होत होती : उताराचा कोन, चाकांमधले अंतर, वजनाचा मध्य कुठे पडतो. ही आकृती तिने यापूर्वीही काढली होती, उलट्या बाजूने, चढाची, एकवीस वर्षांचा एक मुलगा आणि नऊ वर्षांचा दुसरा धरून. कागदावर नव्हे, छतावर, अंथरुणात पडून, कितीतरी रात्री. त्या आकृतीत प्रत्येक वेळी तेच निघे. मागच्या चाकांच्या आसापलीकडे ते छोटेसे वजन होते आणि तेच पुरे होते. दुसऱ्या कोणाचा दोष नाही, चढाचा नाही, दादाच्या हाताचा नाही. एक धाकटा मुलगा मागे टेकून बसला होता. आणि आता, तो नसल्याने, त्याची जागा राखल्याने, गाडी उलट्या बाजूने कलणार होती. असताना मागे, नसताना पुढे. हे गणित अगदी स्वच्छ होते. तेवढ्यात कोणीतरी विचारले, "इथे कोणी आहे का?" ती म्हणाली, "हो."

विचारणारा एक वयस्क गृहस्थ होता, हातात पिशवी. त्याने मान हलवली आणि तो दांडा धरून उभा राहिला. तिच्या शेजारची जागा, तिची पर्स सोडली तर, रिकामी होती. आपण काय म्हणालो हे तिला कळले तोवर सांगण्याची वेळ निघून गेली होती. आता "नाही, कोणी नाही, बसा" म्हणणे अधिकच अवघड होते. बस वळणे घेत राहिली. गृहस्थ प्रत्येक वळणाला झोके खात होता, दोनदा त्याने त्या रिकाम्या जागेकडे पाहिले आणि एकदा तिच्याकडे. तिने पर्स उचलून मांडीवर घेतली, तरी तो बसला नाही. त्याला सांगितले गेले होते की तिथे कोणी आहे, आणि तो भला माणूस होता. उतरताना ती त्याला काहीतरी बोलणार होती, पण तो म्हणाला, "सांभाळून," आणि तिच्यासाठी बाजूला झाला. मग मात्र तो बसला, वळून तिने पाहिले, खिडकीशी, तिच्या जागेवर. शेजारची जागा त्यानेही तशीच ठेवली.

शेडमध्ये मुले गाडी पुसत होती. भाचा धावत आला. "आत्या! व्हिडिओ बघून थेट आलीस? एवढा भारी होतो का मी?"

"चाक उचललं होतं मागचं."

"हो ना! दिसलं ना? हा म्हणत होता दिसणार नाही." त्याने लंबूकडे बोट दाखवले. लंबू हा बांबूसारखा उंच, दूरच्या गावाहून पहिल्यांदाच कामाला आलेला मुलगा होता. त्याची मनगटे बाहीतून बाहेर आलेली होती.

"मागे सरकून का बसत नाहीस?"

भाच्याच्या चेहऱ्यावर, आपल्याला कोणी श्वास का घेतोस असे विचारावे तसा भाव आला. "मागे नाही बसायचं."

"का?"

"बाबा तसंच शिकवतात."

"मागची स्प्रिंग नाजूक आहे," लंबू मदतीला आला. "वजन टाकायचं नाही."

"चल, स्प्रिंग कसली," दुसरा म्हणाला. "इंजिन तापतं त्या बाजूला. बूड भाजतं. मालकांचं भाजलं होतं एकदा, म्हणून."

"तुझं भाजायला पाहिजे."

"मागच्या हंगामातला तो जाड्या म्हणायचा, अपशकुन असतो."

सगळे हसले. कोणी मागच्या रॅकवर काही ठेवतही नव्हते. कॅन पुढे, दोरी पुढे, पाण्याची बाटलीदेखील हँडलला लटकवलेली. एक मुलगा फडक्याने सीट पुसत होता. पुढचा भाग वापराने गुळगुळीत, काळा, चिरा पडलेला होता; मागचा भाग नवा होता, शिवणीचे टाकेसुद्धा पांढरे राहिलेले. मुलाने पुढचा भाग घासून पुसला, आणि मागच्या भागावरून फडके नुसते फिरवले, अलगद, जसे झोपलेल्याच्या अंगावरून पांघरूण सारखे करावे. त्याला काहीच माहीत नव्हते. कोणालाच काही माहीत नव्हते. एका माणसाने एक जागा सोडली होती, आणि एकतीस वर्षांत दरवर्षी कुठून कुठून आलेली पोरे ती सोडायला शिकली होती, शिकून आपापल्या गावी गेली होती. तिथल्या उतारांवर ती कशी बसत असतील, हा विचार तिने केला आणि लगेच थांबवला.

जेवताना दादा कचेरीचे, घरभाड्याचे, तिच्या गुडघ्याचे विचारत राहिला. का आलीस, हे त्याने विचारले नाही.

सकाळी उताराच्या माथ्यावर तो तिला एकटा सापडला. गाडी उभी होती, पुढच्या रॅकवर कॅन बांधलेले. मुले खाली ओढ्याशी पंपाचे पाइप जोडत होती. भाचा हेल्मेट काखेत धरून वर यायला निघाला होता. पहिली फेरी त्याची होती. तो पोहोचायला थोडाच वेळ होता, आणि तेवढ्यातच बोलायला हवे होते.

"दादा, कॅन मागे बांध."

"पुढे ठीक आहेत."

"नाहीत, आणि हे तुला माझ्याइतकंच समजतं. उतारावर मागे सरकायचं असतं. गाडीच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर आहे. तू वाचलंयस ते, तूच मला एकदा त्यातली चूक दाखवली होतीस."

दादाने दोरीची गाठ तपासली. ती घट्टच होती. "तू तिथं नव्हतीस," तो म्हणाला.

"नव्हते. म्हणून तर विचारतेय."

खालून पंप सुरू झाल्याचा आवाज आला आणि बंद पडला. कोणीतरी कोणाला तरी शिवी दिली. मग दादा बोलू लागला, आणि तो इतक्या साध्या आवाजात बोलला की एखाद्या सुट्या भागाची माहिती देतो आहे असे वाटावे.

"पाठीला डोकं लावून बसायचा. सकाळी लवकर निघायचो ना, त्याची झोप झालेली नसायची. फाटक आलं की मी कोपराने ढोसायचो. त्या दिवशी चढावर मला वाटलं, याला उठवू नये. फाटकाला अवकाश होता." त्याने पाठीमागे हात नेला. "अजून गरम लागते गं पाठ. रोज नाही. उतारावर लागते. मागे सरकलो तर तो चेंगरेल."

तिच्याजवळ कोन होते, आस होते, वजनाचे मध्य होते, आणि त्यांतले एकही त्या वाक्याला लावता येत नव्हते. भाचा निम्म्या चढावर आला होता. त्याने वर पाहून हात केला.

"तुझं ठीक आहे," ती म्हणाली. "तिथं कोण बसलंय ते तुला माहीत आहे. या पोरांना माहीत नाही रे दादा. ती नुसतीच पुढं बसतात."

दादा वाकला आणि दोरी सोडू लागला. गाठ त्याने स्वतःच मारलेली होती, तरी ती सोडायला त्याला वेळ लागला. त्याने एक कॅन उचलला, गाडीला वळसा घातला, मागच्या रॅकशी जाऊन उभा राहिला, आणि कॅन हातात धरून तसाच थांबला. भाचा पोहोचला, धापा टाकत. "बाबा, तिथं कशाला? मागं नाही ना ठेवायचं?"

"ठेवायचं," दादा म्हणाला, आणि ठेवला. दुसराही ठेवला. आवळून बांधले. "आधी मी जातो. तू इथून बघ. मी कुठं बसतो ते बघ."

त्याने हेल्मेट घातले आणि तो नेहमीसारखा बसला, पुढे, टाकीला लागून. इंजिन सुरू झाले. उताराच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवली. तिथून पुढे गाडीचे नाक खाली जाते आणि समोर फक्त ओढा दिसतो. त्याचे दोन्ही हात हँडलवर होते. मग, अतिशय सावकाश, आधी डावीकडून आणि मग उजवीकडून, एखाद्या अरुंद बाकावर झोपलेल्या माणसाला धक्का लागू नये म्हणून सरकावे तसा, तो मागे सरकला. थांबला. पुन्हा सरकला. पाठ कॅनला लागेपर्यंत सरकला. तिने डोळे मिटले नव्हते, पण त्या क्षणाचे तिला पुढे काही आठवेना; आठवे ते एवढेच की भाचा शेजारी उभा राहून हलक्या आवाजात म्हणत होता, "अरे, केवढी जागा आहे ती."

गाडी उतरली. खळग्यातून गेली. चारही चाके जमिनीवर होती. खाली ओढ्याशी दादाने ती थांबवली, इंजिन बंद केले, हेल्मेट काढले, पण तो उतरला नाही. मुले त्याच्याभोवती जमली, मग काहीतरी ध्यानात येऊन थोडी लांब झाली. भाचा धावत पुढे गेला; ती उतार चालत उतरली, दगडांवरून, गुडघ्याला सांभाळत. ती जवळ गेली तेव्हा तो दोन्ही तळहात सीटवर, मांड्यांच्या दोन बाजूंना टेकवून बसला होता, कोणीतरी नुकतेच उठून गेल्यावर ती जागा हाताने पाहावी तसा. त्याचा शर्ट पाठीला घामाने चिकटला होता.

"रिकामंच होतं गं," तो म्हणाला.

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ थंड होती. पलीकडे लंबू दुसऱ्या मुलाला सांगत होता की स्प्रिंग बहुतेक बदलून घेतली असणार. दादाने ते ऐकले. त्याने मुलांना बोलावले, सहाही जणांना, आणि त्यांना तिथेच ओल्या गवतावर बसायला सांगून, शेपटाविषयी घराबाहेरच्यांशी पहिल्यांदाच बोलायला सुरुवात केली. ती ऐकायला थांबली नाही. ती ओढ्याच्या काठाने थोडी पुढे गेली. तिथून शब्द कळत नव्हते, फक्त आवाज येत होता, आणि मध्येच एकदा तो थांबला तेव्हा मुलांपैकी कोणीही हसले नाही.

त्या हंगामात शेतावर कामाला असलेली मुले : सहा. हंगाम संपल्यावर आपापल्या घरी सुखरूप असलेली : सहा.